आवक क्रमांक १४०७

"अर्ज हवा तर ठेवून जा. पोच मिळणार नाही," मी खिडकीतून म्हणालो.

"पोच न्हाई तर अर्ज कशाला ठिवू?" ती म्हणाली. "तुमाला वाचायला?"

तिच्या मागे उभ्या असलेल्या बायका फिदीफिदी हसल्या आणि माझं डोकं फिरलं. मी तेवीस वर्षांचा होतो, तहसील कचेरीत कारकून म्हणून लागून आठ महिने झाले होते, अजून कायम झालो नव्हतो. त्यात ही पन्नाशीची काटकुळी बाई भर कचेरीत माझं हसं करत होती.

त्या वर्षी आमच्या तालुक्यात पावसाने दोनदा तोंड दाखवलं आणि तो परागंदा झाला. रोजगार हमीची मागणी वाढत चालली होती. कायदा साधा होता. मजुराने नमुना चारचा अर्ज भरून काम मागायचं, कचेरीने तारीख घालून पोच द्यायची, आणि त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता अगदी चिमूटभर होता, पण तो द्यावा लागला की जिल्ह्याहून विचारणा व्हायची, की काम का काढलं नाहीत आणि त्याला जबाबदार कोण. त्यामुळे आमच्या कचेरीत एक तोंडी हुकूम होता. नायब तहसीलदार गुळवेसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला तो दिला होता. "बिडवे, अर्जाला नाही म्हणायचं नाही. फक्त पोच द्यायची नाही. पोचच नाही तर पंधरा दिवस मोजणार कुठून?" असं म्हणून ते स्वतःवरच खूश होऊन हसले होते. मीही हसलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

"गाव कुठलं?" मी त्या बाईला दरडावून विचारलं.

"बोरखडी."

"मग गावात ग्रामसेवकाकडे अर्ज द्या."

"त्यो म्हणतो तालुक्याला जा. तालुका म्हणतो गावाला जा. मधल्या रस्त्यावर कुणी असला तर त्याचं नाव सांगा, त्याच्याकडं जातो."

पुन्हा हशा पिकला. मग तिने आवाज खाली आणला आणि खिडकीच्या गजांना धरून ती जरा पुढे झाली.

"भाऊसायेब, आमी त्रेपन्न जणी हाव. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, ऊसतोडीला न्यायला. माझ्या सुनंला गेल्या साली फडावरच दुखायला लागलं, दिस भरायच्या आधी. दवाखाना पाच कोस. लेकरू गेलं. औंदा तिला पुन्हा सावा म्हयना लागलाय. तिला ट्रकात घालायची न्हाई मला. एकटी घरात बी ठिवायची न्हाई. गावात काम निघालं तर आमी कुणीच जात न्हाई. काम द्या, न्हाई तर पोच द्या. दोनीतलं एक."

तिच्या बाजूला एक मुलगी उभी होती, हिरवं लुगडं, पोट नुकतंच दिसायला लागलेलं. तीच सून असणार. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या टेबलावरच्या कागदांकडे बघत होती. ज्याला वाचता येतं तो जसा बघतो तशी.

"साहेब दौऱ्यावर आहेत," मी म्हणालो. साहेब आतल्या खोलीत चहा पीत होते.

बाईने अर्जांचा गठ्ठा गजातून परत ओढून घेतला. मी वरच्या अर्जावरचं नावसुद्धा वाचलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. "इचारून बघितलं. न इचारता फुडं जाणं बरं दिसत न्हाई."

जाताना ती कचेरीच्या मागे वळली आणि पाणी पिऊन आली. आमचा पाण्याचा रांजण मागच्या पडवीत, एका दाराआड होता. नव्या माणसाला तो दाखवावा लागायचा, आणि ओगराळं भिंतीला अडकवलेलं असायचं ते तर कुणालाच सापडत नसे. तिने कुणाला विचारलं नाही. एवढी एक गोष्ट मला खटकली आणि मी ती लगेच विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल आलं.

खिडकी ही माझी दुपारची नोकरी. सकाळी मी आवक टेबलावर असे. बाहेरून आलेला प्रत्येक कागद घ्यायचा, त्यावर तारखेचा गोल शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा आणि हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत नोंद करायची. या कामात माझा हात बसला होता. बसला होता म्हणजे काय, मला त्याचा गर्व होता. डाव्या हाताने कागद सरकवायचा, उजव्या हाताने शाई आणि शिक्का, धप्प धप्प. आमचा शिपाई बाबालाल मुलाणी समोर उभा राहून तोंडाने ढोलकी वाजवायचा.

त्या दिवशी बाबालालने पिशवी टेबलावर पालथी केली आणि पोस्टकार्डांचा ढीग पडला.

"आवं भाऊसायेब, कुणाचं लगीन निघालंय का काय! आज मोडा तुमचा इक्रम. माझी ढोलकी संपायच्या आत कार्डं संपली तर भजी माझ्याकडनं."

मी बाह्या सरसावल्या. सगळ्या कार्डांवर एकच अक्षर होतं, वळणदार, शाळकरी. मी पहिल्या कार्डावरचं नाव बघितलं, गाव बघितलं, बाकी काही वाचलं नाही. बोरखडी हे नाव आदल्याच दिवशी ऐकलेलं होतं, पण माझं असं होतं की हात चालू लागला की डोकं बंद पडायचं. धप्प, धप्प, धप्प. बाबालालची ढोलकी संपायच्या आत माझी कार्डं संपली. वहीत मी एका ओळीत नोंद केली: आवक क्रमांक १४०७ ते १४५९, ठकूबाई किसन लोंढे व इतर, मौजे बोरखडी. विषयाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथे लिहिलं: किरकोळ. मग सगळी कार्डं सुतळीने बांधून कपाटात किरकोळ फायलीत टाकली आणि बाबालालकडून पैजेची भजी खाल्ली.

त्यानंतर सतरा दिवसांनी प्रांतसाहेब कचेरीच्या तपासणीला आले.

माणूस शांत होता. चष्मा कपाळावर चढवून बसायचे आणि ऐकायचे. दुपारी ते तहसीलदारांच्या खुर्चीत बसलेले असताना बाहेर गलका झाला. बाबालाल आत येऊन म्हणाला, "बोरखडीच्या बायका आल्यात. म्हणत्यात, सायबांना भेटल्याबिगर जात न्हाई."

"येऊ द्या," प्रांतसाहेब म्हणाले.

सगळ्या आत मावल्या नाहीत. पुढे ती काटकुळी बाई आणि तिची सून, बाकीच्या दारात आणि व्हरांड्यात. तिने नमस्कार केला आणि नाव सांगितलं, ठकूबाई किसन लोंढे. ते नाव ऐकून मला कुठेतरी काहीतरी आठवल्यासारखं झालं.

"सायेब, आमी काम मागून सतरा दिस झालं. काम न्हाई. आता भत्ता द्या. भत्ता नगं असंल तर काम द्या, आमाला तेच पायजे. ट्रक यायला बारा दिस ऱ्हायलेत."

गुळवेसाहेबांनी घसा साफ केला. "साहेब, यांचा एकही अर्ज या कचेरीत आलेला नाही. आला असता तर आम्ही पोच दिली असती. बाई, पोच दाखवा."

"खिडकीनं पोच दिली न्हाई."

"म्हणजे अर्ज दिलाच नाही. बघा साहेब, हे असं असतं. मनाला येईल ती तारीख सांगायची."

मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला एकच धास्ती होती, की ही आता माझ्याकडे बोट दाखवणार आणि मला प्रांतसाहेबांसमोर खोटं बोलावं लागणार. तिने बोट दाखवलं खरं, पण माझ्याकडे नाही. माझ्या पाठीमागच्या भिंतीच्या पलीकडे.

"पोच तुमच्याच घरात हाय सायेब. त्या पल्याडल्या खोलीत लोखंडी कपाट हाय. वरल्या फळीवर हिरव्या पुठ्ठ्याची वही. टपाल लिवायची. घटस्थापनेच्या तिसऱ्या दिशीचं पान काढा. त्रेपन्न कार्डं आलीत. एकेक बाईचं एकेक कार्ड. माझ्या सुनंनं लिवलीत, आमी अंगठं लावलेत. खिडकी न्हाई म्हणाली, तशी आमी हितनं सरळ पोस्टात गेलो आन् पेटीत टाकली."

प्रांतसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "कार्डं आधीच लिहून आणली होतीत?"

"व्हय. आठवड्याच्या बाजारात अंडी इकून कार्डं घेतली. खिडकी काय म्हणणार ते ठावं हुतं."

"आणि टपालाची नोंद होते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ठकूबाई जराशी हसली. "ही कचेरी बांधली तवा भिंतीवर पाणी मारायला मी हुते. मंग दोन वर्सं हितंच झाडलोट केली. झाडणारीकडं कुणी बघत न्हाई, पर झाडणारी बघती. सायेब, खिडकीतला माणूस तोंड बघतो. तोंड बघितलं की त्याला आठवतं, हिला पोच द्यायची न्हाई. टपालाला तोंड नसतं. पिशवीतनं पडलं की शिक्का. लगीनपत्रिका आली तरी मारत्यात."

हे अगदी खरं होतं. गुळवेसाहेबांच्या मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका मीच आवक क्रमांक घालून त्यांच्या टेबलावर ठेवली होती. आठ महिने मी या कचेरीत बसत होतो, गुळवेसाहेब चार वर्षं, आणि सही करता न येणाऱ्या या बाईला आमची कचेरी आमच्यापेक्षा जास्त कळली होती. तिने लाच दिली नव्हती, ओळख लावली नव्हती. केर काढता काढता ती आमच्या सवयी बघत होती.

"वही आणा," प्रांतसाहेब म्हणाले.

मी निघालो. गुळवेसाहेब "मी दाखवतो" म्हणत माझ्या मागोमाग पलीकडच्या खोलीत आले आणि माझ्या कानाशी लागले. "बिडवे, वही सापडत नाही म्हणून सांग. आठ दिवसांनी सापडेल, तोवर साहेब गेलेले असतील. तुझ्या कायमच्या कागदावर माझी सही लागते, ध्यानात ठेव." एवढं बोलून ते परत गेले.

मी कपाट उघडलं. हिरवी वही वरच्या फळीवर होती, तिने सांगितली तिथेच. पान काढलं आणि माझंच अक्षर मला दिसलं: किरकोळ. मग खालची फाईल ओढली, सुतळी सोडली आणि पहिलं कार्ड हातात घेतलं. ते मी तेव्हा प्रथम वाचलं.

"मी ठकूबाई किसन लोंढे, राहणार बोरखडी. आज कचेरीत काम मागायला आले. पोच मिळाली नाही. मला काम पाहिजे. माझ्या गावात पाहिजे." खाली अंगठा, आणि अंगठ्यावर चढलेला माझा गोल शिक्का, तारखेसह. दुसरं कार्ड वाचलं. तिसरं वाचलं. नाव तेवढं वेगळं, बाकी तेच. सगळ्यांत शेवटच्या कार्डावर अंगठा नव्हता, सही होती: द्वारका. सुनेने सगळ्यांचं लिहून झाल्यावर शेवटी स्वतःचं लिहिलं होतं.

उघड्या दारातून मला पलीकडची खोली दिसत होती. प्रांतसाहेब कागद चाळत होते, गुळवेसाहेब छताकडे बघत होते. ठकूबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनंती नव्हती. राग असता तर बरं वाटलं असतं, पण तोही नव्हता. आपण टाकलेलं बी उगवतंय का, हे बघायला बांधावर येऊन बसावं तशी ती नुसती बघत होती. घरी आई होती, माझ्या पगारावरच आमचं चालत होतं, आणि गुळवेसाहेब बोलतील ते करणारे होते. भिण्यात मी कुणाला हार जाणारा नव्हतो. तरी त्या दिवशी मी वही उचलली, कार्डांचा गठ्ठा उचलला आणि चालत आलो. मधलं अंतर दहा-बारा पावलांचं असेल. ती दहा-बारा पावलं मी अजून कधीकधी चालतो.

प्रांतसाहेबांनी सगळी कार्डं पाहिली, एकेक उलटून. त्यांना बराच वेळ लागला.

"विषय, किरकोळ," त्यांनी वहीतून मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी, साहेब."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. त्या मानाने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ते गुळवेसाहेबांकडे वळले. "बोरखडीचं पाझर तलावाचं काम मंजूर होऊन पडलंय ना? चार दिवसांत सुरू करा. आणि पंधराच्या वर झालेल्या दिवसांचा भत्ता या त्रेपन्नजणींना द्या. प्रस्ताव आजच माझ्या सहीला."

द्वारका तिथेच मटकन खाली बसली. ठकूबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रांतसाहेबांना म्हणाली, "बसू द्या सायेब. तिला उभं ऱ्हावत न्हाई."

"बसू द्या, बसू द्या," साहेब म्हणाले आणि स्वतःच खुर्चीतून उठून उभे राहिले. का उठले कुणास ठाऊक. पण मी ते पाहिलं आणि भिंतीला टेकलेला मी सरळ झालो.

पाझर तलावाचं काम सुरू झालं. मुकादमाचा ट्रक बोरखडीत येऊन रिकामा परत गेला. गुळवेसाहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि माझा कायमचा कागद पुढे वर्षभर दाबून ठेवला. आणि एक भलतंच झालं. तालुक्यात बोभाटा झाला की बिडवे भाऊसाहेबांनी गरिबांसाठी नोकरी पणाला लावून गुपचूप शिक्के मारले. बोरखडीच्या सरपंचांनी मला बोलावून नारळ दिला, भाषणात देवमाणूस म्हणाले. मी नारळ घेतला. भजीच्या पैजेवर मारलेले ते शिक्के होते, हे तोंडातून निघालं नाही. तो नारळ आईने फोडून त्याची बर्फी केली, ती माझ्या घशाखाली उतरेना.

पुढे भर उन्हाळ्यात, तलावाचं काम संपत आलं तेव्हा, एका दुपारी खिडकीशी ठकूबाई उभी राहिली. मागे सगळ्याजणी होत्या. द्वारकेच्या कडेवर तीन महिन्यांची मुलगी होती, डोळ्यांत काजळ घातलेली, टकामका बघणारी.

"भाऊसायेब, एक इचारू?" ठकूबाई हळूच म्हणाली. "ती कार्डं तुमी वाचली हुती का, शिक्कं मारताना?"

एवढे महिने मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. छान, मोघम उत्तर होतं. तिच्याकडे बघितलं आणि ते मला देता येईना.

"नाही," मी म्हणालो.

"ठावं हाय मला. वाचली असती तर शिक्का मारला नसता. मी भरवसा त्याच्यावरच ठिवला हुता."

मी मान खाली घातली. गजातून तिचा हात आत आला आणि टेबलावर पडलेल्या माझ्या हातावर तिने थोपटल्यासारखं केलं. खडी फोडून तिची बोटं खरखरीत झाली होती.

"वहीचं मातूर येगळं. ती तुमी वाचून आणली. कपाटापाशी उभं ऱ्हायलात तवा माझा जीव टांगला हुता बघा. कार्डं लिवणं, टाकणं, शिक्का पडणं, तितवर माझं हुतं. तितनं फुडं मला कायबी म्हाईत नव्हतं. ते तुमचं."

इतके दिवस मला वाटत होतं की तिने आमची सगळी कचेरी ओळखली होती, मला धरून. तिने मला ओळखलं नव्हतं. ओळखत नसताना त्रेपन्नजणींना घेऊन, दिवस मोजत बसलेल्या सुनेला घेऊन, ती तिथे येऊन उभी राहिली होती.

"आता ह्यो घ्या," तिने नमुना चारचा अर्ज गजातून आत सरकवला. "तलाव झाला. नवं काम पायजे. आन् या बारीला वाचून घ्या."

मी अर्ज वाचला, पहिल्या ओळीपासून अंगठ्यापर्यंत. आतल्या खोलीत गुळवेसाहेबांची खुर्ची करकरली, ते दारात आले असावेत. मी वळून बघितलं नाही. पोच लिहिली, तारीख घातली, शिक्का मारला आणि कागद ठकूबाईला दिला. तिने तो न बघता द्वारकेच्या हातात दिला. द्वारकेने पोर दुसऱ्या कडेवर घेतली आणि तारीख मोठ्याने वाचली.

"बराबर हाय," ती सासूला म्हणाली.

ठकूबाई बाजूला झाली. मागे अजून बावन्नजणी उभ्या होत्या.

"या," मी म्हणालो, आणि पुढचा अर्ज वाचायला घेतला.